आक्षेप

तेहेतीस वर्षं सातची एसटी धरून
यवतमाळच्या कोषागारात मी देयकं तपासली.
जोडपत्र नाही, आक्षेप.
अंकी बरोबर, अक्षरी चूक, आक्षेप.
एकदा सात रुपयांपायी गुरांच्या दवाखान्याचं बिल
तीन वेळा परत धाडलं.
साहेब म्हणाले, डंभारे,
सरकारचा पैसा तुमच्या हाती सुखरूप आहे.

आमच्या अन् नथ्थूच्या घरामध्ये तुराट्यांचा कूड.
पावसाळ्यात लिंपण गळून पडायचं,
पलीकडची चिमणी अलीकडे दिसायची.
आवाजाचं तर सोडाच.

पोट्टं सहा वर्षांचं. रोशन.
मापाड्याच्या आधी कापसाच्या गाठोड्यांची बेरीज सांगायचं,
बोटांची पेरं न मोजता.
ज्या सांजेला बापाने त्याच्या उजव्या कानशिलावर
– हे वाक्य मी पुरं करत नाही,
आवाज पुरा ऐकला होता –
त्या सांजेला मी रेडिओची खुंटी पिळली.
सरकीचे भाव सांगत होते.
बायको म्हणाली, जाऊन तर पाहा.
मी म्हटलं, त्यांच्या घरातली गोष्ट आहे.

पुढचं सगळं माझ्याच टेबलावरून गेलं,
तुकड्यातुकड्यानं, निरनिराळ्या लेखाशीर्षांखाली.

शाळेत तो खिडकीकडे बसायचा,
गुरुजींचा आवाज यायचा उजवीकडून.
चौथीत पटावरून नाव कमी. त्याचं बिल नसतं.

चौदाव्या वर्षी विहिरीवरल्या मोटारीची तांब्याची तार.
निरीक्षणगृह, आहार देयक,
जोडपत्रात अकरावं नाव.
मी चष्मा पुसला, नाव तेच राहिलं.

मग जिनिंग. सरकीच्या ढिगामागून मुकादम ओरडला होता,
पण उजवीकडून ओरडला.
तीन बोटं.
सरकारी दवाखान्याची औषधं, पट्ट्या, रक्ताची बाटली,
अन् साहेबांच्या दौऱ्याचं डिझेल.

मग लग्न. मग बायकोवर हात. तोच हात, उरलेल्या दोन बोटांचा.
पोलीस पाटलाचा भत्ता, साक्षीदारांचं एसटीभाडं,
तुरुंगातली डाळ.
आता लेक आजीपाशी असते,
तिच्या संगोपनाचे पैसे दर महिन्याला,
कधी दोन-दोन महिने नाही.

सगळं नियमात. सही, शिक्का, प्रमाणक क्रमांक.
मी एकावरही आक्षेप घेतला नाही.

रिटायर झाल्यावर एका दुपारी
कॅलेंडरच्या पाठीवर बेरीज मांडून बसलो.
खर्चाची बाजू भरत गेली.
मग अडलो.
जे झालंच नाही त्याचं प्रमाणक कुठून आणू?
त्या पोट्ट्याने न केलेल्या बेरजा,
न मिळालेला पगार, त्यातून न भरलेला कर,
कोणाच्या तरी पोराला त्याने न शिकवलेला पाढा,
अन् माझी खुर्ची, तिच्यात तो बसू शकला असता
अन् माझ्याहून कडक आक्षेप काढले असते.

समोरच्या रकान्यात एकच ओळ निघाली :
कूड ओलांडायला चार पावलं.
चपला घालायचीही गरज नव्हती.

हे एका कानाचं बिल.
जिल्ह्याला सोळा तालुके.
पुढचा गुणाकार मी केला नाही.
बायकोने कॅलेंडर उलटवून खिळ्याला लावलं,
गॅसची तारीख लिहायची होती तिला.

परवा राशनच्या दुकानात तो पुढे उभा होता,
केस पांढरे झालेले, माझ्याआधी.
अंगठा मशीनवर उमटेना, माणूस वैतागलेला.
मी मागे पिशवी धरून.
अचानक तो वळला, मान वाकडी करून
डावा कान माझ्याकडे आणला,
ओठांकडे पाहत म्हणाला,
काय म्हन्लं, काका?

मी काहीच म्हटलं नव्हतं.